बोंबलांच्या वलांडीतला स्मार्ट खांब

कोणी विचारलं की काका, तुम्ही काय काम करत होता, तर मी सांगतो, "खांबांना बोलतं करत होतो." माणूस हसतो आणि विषय बदलतो. बायको मात्र पाहुण्यांना सांगते, "हे वायरमन होते." तीस वर्षांच्या नोकरीचा एवढा पाणउतारा दुसऱ्या कुणी केलेला नाही. अहो, वायरमन वायर जोडतो. मी तर शेवटची कितीतरी वर्षं वायर नसलेल्याच गोष्टी जोडत होतो!

सुरुवात साध्या टेलिफोनच्या खांबांवर झाली. मग मोबाइलचे टॉवर आले. पोट सुटेपर्यंत मी त्यांच्यावर चढलो आणि पोट सुटल्यावर खालून ओरडून दुसऱ्यांना चढवलं. शेवटी आलं ते स्मार्ट शहर. पालघर, बोईसर आणि तारापूरकडची किनाऱ्याची गावं एका मोठ्या पडद्यावर दिसणार होती. कुठला दिवा पेटत नाही, कुठली कचरापेटी भरली, कुठल्या नाल्याचं पाणी चढलं, हे पालघरच्या खोलीत बसून कळणार. त्या खोलीचं नाव नियंत्रण कक्ष. तिथं नियंत्रण कशाचं होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण एसी झकास होता.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक खांबावर एक डबा असतो. डब्यात आपल्या फोनमध्ये असतं तसलं सिमकार्ड. डबा दर पाच मिनिटांनी पालघरला निरोप पाठवतो. ठीक असेल तर पडद्यावर हिरवा ठिपका, गडबड असेल तर लाल, आणि डबा गप्प बसला तर करडा. संपलं! एवढ्यासाठी फाइव्ह-जी कशाला लागतं असं मी एकदा भर मीटिंगमध्ये विचारलं होतं. निरोप पोस्टकार्डाएवढा आणि रस्ता आठ पदरी. साहेब म्हणाले, "काका, भविष्याचा विचार करा." माझ्या निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष उरलं होतं, त्यामुळे मी फार विचार केला नाही.

यंत्र खोटं बोलत नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण आपण विचारलं नाही ते ते सांगत नाही. बोईसरला एक स्मार्ट कचरापेटी होती. झाकणाच्या आत बसवलेला डोळा पेटी किती भरली ते मोजायचा. ही एक पेटी बसवल्या दिवसापासून भरलेलीच. गाडी जायची, रिकामी करून यायची, तासाभरात पुन्हा लाल. मी दोनदा डबा बदलला. तिसऱ्यांदा मात्र समोरच्या टपरीवर चहा पीत बसून राहिलो. बघतो तर काय, शेजारचा भजीवाला आला, झाकण उघडलं, आपली कढई, झारा आणि एप्रन आत नीट रचून ठेवलं आणि वर कुलूप घातलं. विचारलं तर म्हणतो, "साहब, इतना बढ़िया डिब्बा, पानी भी नहीं जाता। कचरे में डालना अच्छा लगता है क्या?" गाडी रोज काय रिकामं करत होती, ते मी विचारलं नाही.

पण सांगायचंय ते हवेच्या खांबाबद्दल. भजीवाल्याची गोष्ट मी लग्नाकार्यात हसून सांगतो. ही आजवर कुणाला सांगितलेली नाही.

किनाऱ्यावरच्या एका गावात हवा तपासणारा डबा लावायचा होता. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या गावात मला अजून चहा मिळतो. औद्योगिक वसाहत तिथून फार लांब नाही. वाऱ्यावर काही चुकीचा वायू आला तर डब्याने हुंगायचा आणि पालघरला कळवायचं, अशी योजना. जागा कशी निवडायची याचं एक पुस्तक आम्हाला दिलेलं होतं. धुरापासून लांब, स्वयंपाकापासून लांब, उकिरड्यापासून लांब. पुस्तकात न लिहिलेला नियम एकच, रेंज जिथे मिळेल तिथे. आम्ही सगळे तोच पाळायचो. त्या गावात सुरूच्या झाडांमागे रेंज मरायची, घरांच्या दाटीत लंगडायची. आणि वाळूला लागून एक मोकळं मैदान होतं, तिथं मात्र पाचच्या पाच कांड्या. मैदान स्वच्छ, सपाट, रिकामं. चिटपाखरू नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. खांब रोवला, डबा चढवला, पालघरला फोन केला. नियंत्रण कक्षातली स्नेहल म्हणाली, "काका, हिरवा आला!" काम फत्ते.

हे घडलं जुलै महिन्यात.

किनाऱ्यावरचा माणूस इथंच कपाळाला हात लावेल. मी पडलो मासवणचा, भातवाला. रिकामं शेत दिसलं तर त्यात पेरतात काय, हे आधी विचारीन. पण रिकामी वाळू दिसली तर मला ती रिकामीच वाटली. पावसात होड्या बंद असतात, मासळी सुकवत नाहीत, बांबू काढून घराच्या पडवीत ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, पण सुचलं नाही. गावात कुणाला विचारावं, हेही सुचलं नाही. सुकलेला बोंबील मी जन्मभर खात आलो, तो सुकतो कुठे याचा मात्र कधी विचार केला नव्हता.

ऑक्टोबरात ठिपका लाल झाला. रोज दुपारी लाल, संध्याकाळी हिरवा. स्नेहलचा फोन, "काका, तुमचा खांब ओरडतोय. अमोनिया दाखवतोय." मी गेलो, आणि वाळूवर पाऊल ठेवल्याबरोबर सगळा उलगडा झाला. माझ्या स्वच्छ, सपाट मैदानात बांबूंचं रान उभं होतं. बांबूंमध्ये दोऱ्या, दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले हजारो बोंबील. याला वलांडी म्हणतात. आणि त्या वलांडीच्या बरोबर मधोमध माझा खांब. एवढंच नाही, एक दोरी थेट खांबालाच बांधलेली, आणि बोंबलांची माळ डब्याच्या नाकाखाली लोंबत होती! सुकत्या मासळीचा उग्र दर्प त्या डब्याला अमोनियासारखाच लागतो. त्याचा दोष नाही. जे नाकाशी आलं ते त्याने इमानदारीने कळवलं.

दोरीखाली एक म्हातारी बोंबील उलटत होती. काटक, कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं, नजर तिखट. ही पारूमावशी. त्या वलांडीत निम्म्या दोऱ्या तिच्या आणि तिच्या सुनांच्या.

"मावशी, ही दोरी खांबाला कुणी बांधली?"

"मी बांधली. तुमी आमच्या वलांडीत खांब बांधला, आमी तुमच्या खांबाला दोरी बांधली. फिटंफाट!"

"अहो, हा सरकारी... म्हणजे स्मार्ट खांब आहे. हवा हुंगतो आणि पालघरला सांगतो."

"हुंगायला यंत्र लागतं?" तिने हातातला बोंबील माझ्या तोंडापुढे धरला. "घे, हुंग. आनि सांग पालघरला."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "माजी पोर एडवणला दिलेली हाय. तिला फोन लावायला मला बंधाऱ्यावर चढावं लागतं. आनि या मुक्या खांबाला हितं उभ्या उभ्या रेंज?"

तिला खरं उत्तर द्यायचं तर, बाई, डब्याचं सिम वेगळ्या कंपनीचं, आणि त्याच्या रेंजसाठीच मी तुझं मैदान निवडलं. ते मी बोललो नाही. तिने माझ्यासाठी दोरी सोडली. पण आजूबाजूला शंभर दोऱ्या होत्या. ठिपका लालच राहिला.

मग ऑफिसातून कागद आला. स्थळ पडताळणी अहवाल. आमचे साळुंखे साहेब माझ्या मुलाच्या वयाचे, हुशार, आणि लाल रंगाचा मनस्वी तिटकारा असलेले. अहवालात दोन प्रश्न. यंत्र ठीक आहे का? जागा योग्य आहे का? यंत्र ठीक होतं, तिथं खूण केली. दुसऱ्या प्रश्नाशी मी थांबलो. 'नाही' म्हटलं तर पुढे लगेच विचारलं होतं, जागा कोणी निवडली. आणि माझी ऑफिसात ख्याती अशी की, काकांचा खांब कधी चुकत नाही. नवीन पोरांना साहेब माझं उदाहरण द्यायचे. निवृत्ती तोंडावर आलेली. मी 'योग्य' वर खूण केली आणि खाली झोकदार सही ठोकली. स्वतःला समजावलं, एक खूण तर आहे, काय होतंय?

होतं ते असं. यंत्र ठीक, जागा योग्य, तर मग चुकीचं काय उरलं? बोंबील!

पंधरा दिवसांनी पारूमावशी पालघरच्या ऑफिसात हजर झाली. पदरात गुंडाळलेला कागद. दारावरच्या शिपायाने तिला माझ्याकडे पाठवलं, कारण ऑफिसात तिला माझंच तोंड ओळखीचं होतं. "भाऊ, वाचून दाव," म्हणाली. "पोरं वाचतात तर निम्मं गाळतात, मी रागवंन म्हनून."

मी वाचायला लागलो. वायुप्रदूषणाचा स्रोत म्हणून वलांडीची नोंद झालेली आहे. एका महिन्यात मासळी सुकवण्याचं काम खाडीकडच्या उतारावर हलवावं. आणि मग ते वाक्य, 'अनुभवी तंत्रज्ञांनी जागेवर पडताळणी करून यंत्र व जागा दोन्ही योग्य असल्याचे प्रमाणित केले आहे.' मी पाणी प्यालो.

"खाडीकडं?" पारूमावशी म्हणाली. "तिथं भरतीचं पानी येतं. वारा नाय. बोंबील सुकायच्या आधी नासंल. माजी सासू याच वाळूवर बसायची, तिची सासूबी. आता खाडीच्या चिखलात बसू?" मग तिने कागदावर बोट ठेवलं. "हा सही करनारा कोन हाय?"

"आहे एक," मी म्हणालो.

लाज वाटली. आजही लिहिताना वाटते. समोर बसलेल्या बाईची जागा जाणार होती माझ्या एका खुणेपायी, आणि मी तिला सांगत होतो, आहे एक.

मी तिला साळुंखे साहेबांकडे घेऊन गेलो. ती उभीच राहिली. म्हणाली, "साहेब, आमचा वास आमी जन्मापासून खातो, कुनी मेला नाय. पन वारा वसाहतीकडनं फिरला की डोळं चुरचुरतात, पोरं खोकतात. तवा कुनाला कागद येत नाय?"

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "मावशी, तेही लाल आणि हेही लाल. यंत्राला दोन्ही सारखंच."

"मंग यंत्रापेक्षा माजी मांजर बरी," ती म्हणाली. "तिला बोंबील कळतो."

ती गेल्यावर मी साहेबांना तोंडी सांगितलं. साहेब, चूक माझी आहे. वलांडी आधीपासून आहे, खांब नंतर आला, मी पावसात बघितलं, मला दिसली नाही. साहेबांनी खुर्ची जवळ ओढली, काळजीनेच म्हणाले, "काका, चार महिन्यांत तुमचा निरोप समारंभ. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता? आणि अहवाल एकदा वर गेला की दुरुस्त करायची सोयच नाही हो. सॉफ्टवेअर घेत नाही." खरंच घेत नव्हतं. मी बसून पाहिलं. अहवाल वर गेल्यावर 'जागा निवडण्यात चूक झाली' असं लिहायला कुठे रकानाच ठेवलेला नाही. लाल ठिपका किनाऱ्यावरून पालघरला डोळ्याचं पातं लवायच्या आत पोहोचतो. मी मात्र एकाच इमारतीत एका मजल्यावरून दुसऱ्यावर माझी चूक पोहोचवायला सगळा नोव्हेंबर खर्च केला.

शेवटी साध्या कोऱ्या कागदावर हाताने अर्ज लिहिला. जागा मी निवडली, चुकीची निवडली, अहवालात खोटी खूण केली, खांब हलवावा. तीन प्रती, तीन टेबलांवर. नवीन पोरं माझ्याशी एकदम जपून बोलायला लागली, घरात कुणी आजारी असल्यासारखी. साहेबांनी माझं उदाहरण देणं बंद केलं. वाईट वाटलं, हे कबूल करतो. तीस वर्षांत कमावलेलं एक नाव होतं, ते मी स्वतःच्या अक्षरात खोडलं.

त्या अर्जाने खांब हलला, असं मला म्हणायला आवडेल. तसं झालं नाही. झालं असं की, परगावचे काही मोठे पाहुणे नियंत्रण कक्ष बघायला यायचे ठरले, आणि सगळा पडदा हिरवागार असताना किनाऱ्यावर तो एक लाल ठिपका डोळ्यांत खुपत होता. साहेबांना माझा अर्ज आठवला. दोन दिवसांत मंजुरी! वलांडीचा कागद मागे घेतला आणि मला हुकूम, खांब आजच्या आज काढा.

मी स्वतः गेलो. खांब उपटताना सगळ्या बायका काम टाकून बघत उभ्या राहिल्या. पारूमावशीने चहा आणला. मी पेला हातात धरून म्हणालो, "मावशी, तो सही करणारा मीच होतो."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"तू वाचलं तवाच. बाकीचं भडाभडा वाचलंस, आनि त्या एका ओळीला तुला पानी लागलं." तिने खांबाच्या खड्ड्यात पायाने वाळू लोटली. "मी वाट बघत होते, तू कदी बोलतोस ते. चा पी, निवतोय." जाताना तिने सुकलेल्या बोंबलांची जुडी माझ्या पिशवीत कोंबली. मी नको म्हटलं नाही, माझा आणि नियंत्रण कक्षाचा नंबर मात्र तिला लिहून दिला. त्या दिवशी मी घरी अगदी ताठ मानेने आलो.

उरलेल्या नोकरीत मी एकच काम मन लावून केलं. तोच डबा या वेळी पुस्तकाबरहुकूम लावला. वसाहतीच्या कडेला, वस्तीच्या बाजूला, धूर-भजी-मासळी सगळ्यापासून लांब. चार दिवस आधी तिथं जाऊन उभा राहिलो, चहावाल्याला विचारलं, म्हातारे गाठले, वारा कुठल्या महिन्यात कुठून येतो ते लिहून घेतलं. जे जुलैत करायला हवं होतं ते आता केलं. तीस वर्षांतली माझी सगळ्यात चांगली जागा ती. तिसऱ्याच दिवशी ठिपका लाल झाला. बोंबलाचा लाल दुपारी यायचा आणि जायचा. हा लाल आला तो बसलाच. स्नेहलचा फोन आला तेव्हा मी खुशीत ओरडलो, "आता बरोबर बोलतोय!"

आठवड्याने ठिपका करडा झाला. त्यावर बारीक अक्षरात, 'देखभालीसाठी बंद'. मी गाडी काढून गेलो. डबा शाबूत, सिम शाबूत, रेंज भरपूर. परत येऊन साहेबांना विचारलं, कसली देखभाल? त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "काका, वरून सूचना आहे. आकडे तपासून घेतायत. तुम्ही हात लावू नका." कोणाची सूचना, कुठले आकडे, मी विचारलं नाही असं नाही. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारणार तोवर माझा निरोप समारंभ झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि भिंतीवरचं एक घड्याळ. भाषणात साहेब म्हणाले, काकांचा खांब कधी चुकला नाही. टाळ्या पडल्या.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. पडदा अजून आहे, पाहुणे अजून येतात. ठिपका करडाच आहे, स्नेहल मला कधीमधी सांगते.

मागच्या महिन्यात सकाळी मी अंगणात बसलो होतो आणि पारूमावशीचा फोन आला. मागून वारा घोंघावत होता, म्हणजे बंधाऱ्यावर चढली असणार. मी म्हटलं, "काय मावशी, बोंबील काय म्हणतो?"

"बोंबलाचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. बोलता बोलता खोकली. "दोन दिस वारा तिकडनंच हाय. डोळं उघडवत नाय. धाकट्या नातीचा खोकला थांबत नाय, डाक्टरनं वाफ दिली. तू दिलेल्या त्या पालघरच्या लंबरवर फोन केला. ती पोरगी चांगली बोलली. तिनं बघितलं. बोलली, आजी, तुमच्या गावात आमचा खांबच नाय, इथं काय दिसत नाय."

गावातला तो एकुलता एक डबा उपटणारा हात माझा होता. वलांडी वाचवली म्हणून मी वर्षभर मनातल्या मनात माझी पाठ थोपटत होतो.

"भाऊ, ऐकतोस ना? मी बायांशी बोलले. खांब परत आनून लाव. होता तिथंच, मधोमध. बोंबील आमी हलवतो. खाडीकडं सुकवू, निम्मं नासलं तर नासू दे."

"मावशी," मी म्हणालो, "मी आता कामावर नाही."

ती पुन्हा खोकली. मग म्हणाली, "मंग कोन हाय?"